आठ बाय चारचे जनरल मॅनेजर

रेल्वेवेडे दोन जातींचे. एक फलाटाच्या टोकाला उभे राहून इंजिनाचे नंबर वहीत टिपतात, दुसरे ते इंजिन घरी घेऊन येतात. पहिल्यांचा त्रास रेल्वे पोलिसांना, दुसऱ्यांचा घरच्यांना. आमच्या सोसायटीतले काका दुसऱ्या जातीचे. बँकेत होते तोवर त्यांना वॉचमनही नीट ओळखत नसे. आता भाजीवाली ‘गाडीवाले काका’ म्हणून त्यांना जुडीमागे दोन रुपये कमी करते. लोक त्यांना तोंडावर काका म्हणतात आणि पाठीमागे जनरल मॅनेजर. रेल्वेत हे पद केवढं मोठं असतं ते पक्कं ठाऊक असल्यामुळे त्यांना पाठीमागचंच जास्त आवडतं.

ही जात पुण्यात निपजायला कारणही तसंच आहे. भाऊ जोशींनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून कोथरूडमध्ये आहे. तिथे मुलं गाड्या पाहतात, आया बसायला खुर्ची पाहतात, आणि दर खेळाला एखादा बाप किंवा आजोबा कमरेत वाकून टेबलाखालच्या वायरी पाहतो. त्याच्या घरच्यांनी तिथेच सावध व्हायला हवं. काका भाचीच्या मुलीला घेऊन गेले होते. मुलगी दाखवायला नेली होती की निमित्ताला, हे काकूंनी कधी विचारलं नाही. कारण तिला आईसक्रीम खायला बाहेर पाठवून हे पुढच्या खेळाचं तिकीट काढून पुन्हा आत गेले होते.

जर्मनीतल्या मुलाने त्या दिवाळीला एक पेटी आणली. एक इंजिन, तीन डबे, जोडले की लंबगोल होणारे रूळ आणि वेग कमीजास्त करायचं एक बटण. अर्ध्या तासात जमिनीवर गाडी फिरू लागली. सर्वसाधारण माणूस इथे सुखी झाला असता. पण मुलाने कौतुकाने हॅम्बुर्गच्या मिनियाटूर वुंडरलँडचा व्हिडिओ दाखवला. दोन जुळ्या भावांनी २००१ साली बंदरातल्या जुन्या गोदामात सुरू केलेलं ते अवाढव्य प्रकरण. त्यात डोंगर आहेत, गावं आहेत, आणि धावपट्टीवरून विमानंसुद्धा सुटतात. काकांनी तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाले, “जागेचा प्रश्न आहे, नाहीतर काय कठीण आहे?” तेव्हापासून मुलाची खोली ही मुलाची खोली राहिली नाही.

आधी त्यांना प्रमाणाची लागण झाली. पेटीतली गाडी खऱ्या गाडीच्या १/८७. या छंदातलं हे जगभर चालणारं माप, एचओ त्याचं नाव. काका दिसेल त्या वस्तूला ८७ ने भागू लागले. काकू १.८ सेंटीमीटरच्या झाल्या. शेजारच्यांनी नवी एसयूव्ही घेतली, पेढे वाटले. काका पेढा तोंडात टाकून म्हणाले, “छान. पाच सेंटीमीटर.” पुणे ते मुंबई १९२ किलोमीटर, भागिले ८७, म्हणजे साधारण २.२ किलोमीटर. कर्वे पुतळ्यापासून निघालेल्या गाडीला नळस्टॉपच्या आसपास मुंबई लागणार. काकांकडे खोली आहे १० बाय ११ ची. तिच्यात गाडी शिवाजीनगर सोडून खडकीलाही पोचत नाही.

मग रुंदीचं दुखणं निघालं. पेटीतल्या दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. युरोपातला रूळ १४३५ मिलिमीटरचा, त्याला ८७ ने भागलं की बरोबर एवढंच येतं. आपला ब्रॉडगेज मात्र १६७६ मिलिमीटरचा. त्याला भागलं की १९.३ येतात. म्हणजे आपलं इंजिन या रुळावर ठेवायचं तर त्याला पावणेतीन मिलिमीटर अंग चोरून उभं राहावं लागणार. या पावणेतीन मिलिमीटरनी काकांची झोप उडवली. संध्याकाळी कट्ट्यावर कोणी म्हणालं, “काका, एवढं कोण मोजायला येणार आहे?”

“मी,” काका म्हणाले.

माझं स्पष्ट मत आहे की या माणसांना गाडी चालवण्यापेक्षा गाडीचा आराखडा करण्यात जास्त गोडी असते. आलेखाचा कागद, दोन पेन्सिली, खोडरबर, आणि ‘प्लॅन १’. पहिल्या प्लॅनमध्ये बोरीबंदर होतं, कर्जत होतं, भोर घाट होता, खंडाळा होतं, मालगाड्यांचं यार्ड होतं आणि कोपऱ्यात नेरळहून वर चढणारी माथेरानची राणीही होती. हे सगळं आठ फूट बाय चार फूट प्लायवर. प्लाय बहुधा याच मापात मिळतं, त्यामुळे जगातल्या पुष्कळ पहिल्या लेआऊटची, म्हणजे फळीवर मांडलेल्या रेल्वेची, सरहद्द वखारवाला ठरवतो.

पहिला बळी गेला भोर घाट. १८६३ साली घाट खुला झाला तेव्हा तो जगभर नावाजला गेला. त्याचा कडक चढ ३७ फुटांना १ फूट. काकांना तोच चढ हवा होता, सवलत नको. आता एका रुळावरून दुसरा रूळ न्यायचा आणि खालून दुसरी गाडी काढायची, तर साडेसात सेंटीमीटर उंची लागते. साडेसातला ३७ ने गुणलं की चढायला पावणेतीन मीटर, आणि जेवढं चढलं तेवढं उतरायला आणखी पावणेतीन. आठ बाय चारवर बसणाऱ्या लंबगोलाचा अख्खा घेर साडेपाच मीटरच भरतो. म्हणजे गाडी आयुष्यभर चढणार तरी किंवा उतरणार तरी. स्टेशनाला सपाट जागाच नाही. काकांनी हा हिशेब तीन वेळा केला आणि कागदाच्या कडेला लिहिलं, ‘घाट – तूर्त स्थगित’. ‘रद्द’ हा शब्द त्यांनी एकाही प्लॅनवर लिहिलेला नाही. तो बाणेदारपणा बँकेतला असावा.

दुसरा प्रश्न डेक्कन क्वीनचा. १ जून १९३० ला सुरू झालेली ही गाडी पुणेकराच्या घरात नसली तर बाकीच्या गाड्या असून उपयोग काय? पण सोळा डब्यांची खरी गाडी ८७ ने भागली तरी साडेचार मीटरच्या आसपास जाते. इंजिन खिडकीत येईल तेव्हा शेवटचा डबा पॅसेजमध्ये. डबे कमी करायचं ठरलं. एकेक डबा कापताना काकांचा चेहरा पाहवत नव्हता. सोळाचे दहा झाले, दहाचे सहा, सहाचे चार. चारातला एक डायनिंग कार. “तीन डब्यांच्या गाडीला डायनिंग कार कशाला?” या प्रश्नावर त्यांनी त्या शेजाऱ्याशी आठवडाभर अबोला धरला.

प्लाय आलं. लिफ्टमध्ये जाईना म्हणून जिन्याने चढवलं, आणि प्रत्येक मजल्यावर दार उघडून लोकांनी सल्ले दिले. सुतार माप पाहून म्हणाला, “काका, हे पलंगाचंबी माप न्हाई आन् टेबलाचंबी न्हाई.” काका त्याला लेआऊट म्हणजे काय ते समजावून देत बसले, दुपारच्या चहापर्यंत सुताराला सगळं समजलं आणि त्याने मजुरी वाढवून मागितली. फळी भिंतीला टेकवून ठेवली. चार फुटांपलीकडे माणसाचा हात पोचत नाही, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही. गाडीच्या मात्र आलं. ती घसरायची ती भिंतीकडच्या वळणावरच. शेवटी फळीच्या पायांना चाकं बसवली. आता गाडी घसरली की आधी प्रदेश सरकवतात, मग डबा उचलतात.

काकूंबद्दल इथे सांगायला हवं. अशा घरातली बाई एकतर कपाळाला हात लावते किंवा माहेरी जाते असं लोकांना वाटतं. काकू शाळेत भौतिकशास्त्र शिकवायच्या. त्यांनी दोन्ही केलं नाही, त्या चहा घेऊन आल्या, उभ्याउभ्या ‘प्लॅन ७’ पाहिला आणि म्हणाल्या, “अहो, ही गाडी या टोकाला वळसा घेऊन त्याच रुळावर परत येते ना? मग फ्यूज जाणार.”

“का?”

“तुमच्या एका रुळात धन आहे आणि एका रुळात ऋण. वळसा घेतला की उजवा रूळ जाऊन डाव्याला भेटतो. शॉर्ट सर्किट. नववीच्या पोरांना कळतं हे.”

पहिला लेआऊट करणारा प्रत्येकजण या वळशात एकदा अडकतोच. उपायही काकूंनीच सांगितला: वळशाच्या दोन्ही तोंडांना दोन्ही रुळांत खाच पाडून तो तुकडा वेगळा करायचा आणि त्याला धन-ऋण उलट करणारा स्विच द्यायचा. वर म्हणाल्या, “नाहीतर ते मेर्क्लिन कंपनीवाले रुळांच्या मध्ये तिसरा संपर्क देतात, त्यांना वळशाचा त्रास नाही.” काका दुखावले. “खऱ्या रेल्वेला असा मधला संपर्क असतो का?” काकू कप उचलत म्हणाल्या, “खऱ्या रेल्वेची खडी फेविकॉलने चिकटवतात का?”

फेविकॉलचा मुद्दा खरा होता. रुळांमधली खडी म्हणजे चहाच्या गाळणीने गाळलेली वाळू. तिच्यावर पाणी घातलेला फेविकॉल, आणि तो आत झिरपावा म्हणून त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. जमीन म्हणजे उकळून वाळवलेली चहाची पूड. झाडं म्हणजे हिरव्या घासण्या, कात्रीने कुरतडलेल्या. दर आठवड्याला एक घासणी नाहीशी होऊ लागली तेव्हा मोलकरणीने काकूंना सांगितलं की घरात उंदीर झालेत.

एवढं सगळं जमलं आणि काम थांबलं. हे या मंडळींचं खास लक्षण. रूळ कायमचे ठोकायची वेळ आली की त्यांना आराखड्यात आणखी एक सुधारणा सुचते. ‘प्लॅन ११’ मध्ये यार्ड आलं, ‘प्लॅन १२’ मध्ये ते गेलं. काकांनी आधी वेळापत्रक करायला घेतलं. चालणारी गाडी एक, पण तिच्या अप आणि डाऊन मिळून चोवीस फेऱ्या. त्यातल्या दोन फक्त रविवारी. घड्याळही बारा पट वेगाने चालायचं, म्हणजे दोन तासांत त्यांचा एक दिवस. संध्याकाळी कट्ट्यावर आले की म्हणत, “आज सकाळची गाडी सात मिनिटं लेट होती.” गाडी पेटीत असायची.

मग गणपती आले. सोसायटीच्या मुलांना देखाव्याला विषय हवा होता. काका बोलून गेले, “रेल्वे करा.” मुलांनी ‘करा’ ऐकलंच नाही, त्यांनी ‘रेल्वे’ ऐकलं. चतुर्थीला आठ दिवस उरले होते. ज्या गृहस्थाने बारा आराखडे केले होते त्याच्या हातात एका मुलीने हातोडी दिली आणि म्हणाली, “काका, खिळा कुठे मारू?” रेल्वे बोर्डालासुद्धा इतका थेट प्रश्न कोणी विचारत नसावं.

डोंगरासाठी काकांनी फ्रिजच्या खोक्यातलं थर्माकोल जपून ठेवलं होतं. राज्यात २०१८ पासून थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे हे सहावीतल्या पोराने त्यांना ऐकवलं, आणि घाट जुन्या वर्तमानपत्रांच्या लगद्याचा झाला. त्यात अर्थपुरवणी जास्त होती. खडी पसरायला सगळ्यांचे हात लागले, त्यामुळे काही ठिकाणी खडीचे उंचवटेही लागले. यार्ड नाही, माथेरान नाही, वळसा नाही. एक लंबगोल, एक स्टेशन, एक बोगदा, आणि मधोमध श्री. घाटावर रूळ नव्हताच. गाडी त्याला पायथ्याशी भोक पाडून पलीकडे गेली.

चतुर्थीला आरती झाली आणि काकांनी बटण फिरवलं. गाडी निघाली. चार डबे, त्यात डायनिंग कार, बोगद्यातून बाहेर येऊन बाप्पांना प्रदक्षिणा घालू लागली. टाळ्या पडल्या. मग काका मोदक घ्यायला वळले तेवढ्यात एका पोराने बटण पूर्ण फिरवलं. गाडी सेकंदाला मीटरभर पळाली. काका ओरडले, “अरे, ताशी तीनशे तेरा किलोमीटर! घाटात!” आकडा अगदी बरोबर होता, पण तोवर डायनिंग कार दूर्वांत जाऊन पडली होती. रात्री बाकायदा चौकशी झाली. साक्षी झाल्या. अहवाल काकांनी स्वहस्ते लिहिला, दोन पानं, आणि त्यात ठपका बटणावर ठेवला, पोरावर नाही. मला वाटतं, जनरल मॅनेजर हे नाव त्यांना त्या दिवशी शोभलं.

दहा दिवस गाडी फिरली. रोज सकाळी काकू कपड्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून रूळ पुसायच्या, कारण धूळ आणि तेलाचा थर बसला की रुळातून चाकात वीज जात नाही आणि गाडी आचके देते. उदबत्तीच्या धुराने तर फारच. विसर्जनानंतर फळी पुन्हा वर गेली, जिन्यानेच. मुलाच्या खोलीत ती आजही आहे, लंबगोल शाबूत आहे. ‘प्लॅन १३’ चं काम चालू आहे. त्यात घाट पुन्हा आला आहे, कारण काकांना आता शेजारच्या खोलीची भिंत दिसू लागली आहे.

तुमच्याकडेही असे कोणी काका असतील तर त्यांच्या घरी जरूर जा. पण ‘पुरं कधी होणार’ आणि ‘खर्च किती आला’ हे दोन प्रश्न विचारू नका. दुसऱ्याचं उत्तर काकूंनाही दिलेलं नसतं. लहान मूल बरोबर असेल तर त्याला बटणापासून लांब ठेवा. आणि डबा घसरला तर मदतीच्या भावनेनेसुद्धा हात लावू नका. तो उचलून रुळावर ठेवायचा मान त्यांचाच आहे.