मोटर जाम, घर चालू

यंत्र बंद पडलं की आमच्या घरात चौकशी आधी माणसांची होते, यंत्राची नंतर. मिक्सर जळला तर "सकाळी चटणी कोणी वाटली?" पंप बसला तर "काल बटण कोणी बंद केलं?" गुन्हेगार सापडला की सगळे समाधानाने जेवायला बसतात. मिक्सर तसाच जळलेला, पंप तसाच बसलेला.

त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याहून आलेल्या भाच्याची रिमोटची गाडी आमच्या रत्नागिरीच्या अंगणात टुकटुक करून थांबली, तेव्हा पुढे काय होणार हे मला ठाऊक होतं. गाडी जत्रेत मिळते तसली नव्हती. खऱ्या गाडीच्या एकदशांश मापाची, चारी चाकांना जोर असलेली, ब्रशलेस मोटरची. तिची किंमत भावजींनी माझ्या बहिणीला एक सांगितली होती, मला दुसरी, आणि पावती कोणालाच दाखवली नव्हती. आदल्या संध्याकाळी ती मांडवीच्या किनाऱ्यावर कुत्र्यांच्या पुढे पळत होती. आता चाक हाताने ढकललं तरी हलेना.

"खारी हवा," भावजींनी निकाल दिला. "कोकणात लोखंड टिकतच नाही."

आई सुपारी कातरत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "आमच्याकडचं लोखंड गंजतं. माणसं नाही गंजत."

अडकित्ता जरा जोरात वाजला. खटला उभा राहिला.

पहिले तज्ज्ञ साक्षीदार अण्णा, म्हणजे माझे काका. वीज मंडळात उभी हयात गेली. त्यांनी चष्मा लावून मोटरवरचं लेबल वाचलं आणि दोन पावलं मागे सरकले. "तेहेतीसशे केव्ही! अरे, आपल्या गावातली लाइन अकराची. देशातल्या मोठमोठ्या मनोऱ्यांवरून जाते ती सातशे पासष्टची. आणि पोराच्या हातात तेहेतीसशे?" भाच्याने समजावलं की इथे केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नव्हे, तर एका व्होल्टला मोटर मोकळी असताना मिनिटाला किती फेरे घेते तो आकडा. बॅटरी ११.१ व्होल्टची, म्हणजे मिनिटाला साधारण ३६,६०० फेरे. हे ऐकून अण्णा आणखी एक पाऊल मागे सरकले.

भावजींचा उपाय सोपा होता. "रिमोटचं बटण पूर्ण दाब, झटक्यात सुटेल." घाटात अडकलेल्या गाड्यांवर त्यांनी हा उपाय केलेला आहे आणि नंतर टोइंगवाल्याला फोनही केलेला आहे. जाम झालेल्या मोटरला जोर देणं म्हणजे तिला जाळणं. मोटर फिरत असते तेव्हा ती स्वतःही थोडी वीज तयार करते, आणि ती वीज बॅटरीच्या विजेला अडवून धरते. अडलेल्या मोटरमध्ये हा अडसर नसतो. तांब्याच्या जाड वेटोळ्यांचा रोध इतका कमी की करंट बेलगाम धावतो आणि तारेवरचं लाखेचं आवरण करपतं. त्यात ही मोटर बिनसेन्सरची. तिला चालवणारा स्पीड कंट्रोलर रोटर कुठे आहे हे त्याच उलट्या विजेवरून ओळखतो. रोटर थांबला की कंट्रोलर आंधळा. मग तो अंदाजाने एकेक तार चाचपतो, मोटर टुकटुक करते, आणि शहाणा कंट्रोलर असला तर हात वर करून बंद पडतो. आमच्या घरात तेवढा शहाणपणा तोपर्यंत फक्त त्यानेच दाखवला होता.

इतक्यात विहिरीचा पंप बघायला मेस्त्री आले. मिरकरवाड्याला होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा माणूस. खाऱ्या पाण्यातल्या इंजिनांशी आयुष्य काढल्यामुळे बोलणं कमी आणि हाताला घाई नाही. त्यांनी गाडी उलटीपालटी करून बघितली, आणि भावजींनी पुढे केलेली पक्कड बाजूला ठेवली.

"आधी खोलायचं नाय. आधी सोडवायचं."

मग त्यांनी बॅटरी काढली आणि मोटर धरून ठेवणारे दोन स्क्रू ढिले केले. मोटर जराशी सरकवली, तसा तिच्या दांड्यावरचा छोटा पिनियन मोठ्या दातेरी चाकापासून सुटला. चाकं हाताने फिरवली. गरगर फिरली. "गियर सुटले," मेस्त्री म्हणाले. सुटले म्हणजे आरोपातून.

मग मोटरच्या तीन तारा कंट्रोलरपासून उपटल्या. दांडा बोटांनी फिरवून बघितला. जागचा हलला नाही. "कंट्रोलर पण सुटला."

अण्णांनी भुवया उंचावल्या. वीज मंडळात एकेक फ्यूज काढत दोष शोधायची रीत त्यांनी स्वतः वर्षानुवर्षं वापरलेली. घरात शिरल्यावर मात्र ती चपलांबरोबर बाहेर राहते. घरात आम्ही माणसं एकेक करून वगळतो, आणि जो खोलीत हजर नसेल त्याच्यावर खटला पक्का करतो. आता आरोपी एकच उरली होती, आणि ती माणूस नव्हती. सगळ्यांची जरा निराशाच झाली.

पिनियन काढायला वेळ लागला. तो दांड्याला एका बारीक स्क्रूने आवळलेला आणि स्क्रूला लॉकटाइट लावलेलं. भावजी एलन कीला जोर लावायला सरसावले. मेस्त्रींनी त्यांना चहा आणायला आत पाठवलं. एलन की घसरली की स्क्रूचं डोकं आतून गोल होतं आणि मग ड्रिलशिवाय गती नाही. त्यांनी सोल्डरिंगचं तापलेलं टोक स्क्रूवर थोडा वेळ टेकवलं. लॉकटाइट मऊ झालं, स्क्रू मुकाट्याने निघाला.

मागचं झाकण उघडून रोटर ओढायची वेळ आली. रोटर म्हणजे दांड्यावर बसवलेलं निओडिमियमचं चुंबक. या चुंबकाचा मिश्रधातू १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या मासातो सागावांनी आणि अमेरिकेत जनरल मोटर्सने एकमेकांपासून स्वतंत्रपणे शोधला. एवढ्याशा डब्यात एवढी ताकद मावते ती त्याच्यामुळे. रोटर आतल्या पोलादाला सोडायला तयार नव्हता. मेस्त्रींनी नेट धरून ओढला, तो सुटला, आणि हातातून निसटून आईच्या ताटातल्या अडकित्त्याला जाऊन चिकटला.

"अगो बाई!" आई ताटासकट मागे सरकली.

अडकित्त्यावरून रोटर अलगद सोडवून मेस्त्रींनी तो उजेडात धरला. त्याला दाढी आली होती. काळी, बारीक, ताठ उभ्या केसांची, चकाकणारी दाढी. रोटर आणि भोवतालच्या वेटोळ्यांमध्ये जागा असते नखाच्या जाडीएवढी. तिथे ही दाढी ठासून बसली होती.

"मांडवीला नेली होती काय?" मेस्त्रींनी विचारलं.

मग सगळा उलगडा झाला. मांडवीचा किनारा काळ्या रेतीचा. त्या रेतीत मॅग्नेटाइट असतं, म्हणजे चुंबक ओढून घेतं ते लोहखनिज. लहानपणी आम्ही सगळ्यांनी फुटक्या स्पीकरचं चुंबक दोऱ्याला बांधून त्या रेतीतून ओढलेलं आहे. भाच्याच्या गाडीने तेच केलं, फक्त चुंबक पोटात घेऊन. मोटर थंड राहावी म्हणून डब्याला फटी असतात. चाकांनी उडवलेली रेती तिथून आत गेली. साधी रेती आली तशी गेली. काळी आतच मुक्कामाला राहिली.

ती काढणं हे आणखी एक प्रकरण. फुंकून जात नाही, ब्रशने इकडची तिकडे होते. आईने कणकेचा गोळा सुचवला. अण्णांनी सायकलचा पंप आणला. शेवटी मेस्त्रींनी रुंद चिकटपट्टी मागितली. रोटरवर दाबायची, उचलायची, फेकायची. चुंबक ओढतं त्याहून पट्टी जास्त ओढते, एवढं साधं. भाचा अर्धा रीळ संपेपर्यंत तेच करत होता आणि त्या सुट्टीत तेवढा वेळ त्याने मोबाइल मागितला नाही. बेअरिंगमध्येही कचकच होती. ती धुऊन आईच्या शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडला.

मोटर जोडली. दांडा बोटाने सहज फिरला. सगळ्यांनी आळीपाळीने फिरवून बघितला. मग मेस्त्रींनी मोकळ्या तिन्ही तारांची टोकं एकत्र धरली. "आता फिरवा."

दांडा पुन्हा जड. भावजी ओरडले, "बिघडली परत!" मेस्त्रींनी टोकं सोडली, दांडा मोकळा. धरली, जड. हाताने फिरवलेली मोटर वीज बनवते, तारा जुळलेल्या असल्या की ती वीज वाहते आणि फिरवणाऱ्यालाच अडवते. हा नियम हाइनरिश लेन्झने १८३४ साली मांडला. स्पीड कंट्रोलर आतून शॉर्ट झाला तरी मोटर अशीच जड लागते, आणि लोक चांगली मोटर फेकून नवी आणतात. मेस्त्रींनी खोलायच्या आधी तारा सोडवल्या होत्या त्या यासाठी.

गाडी अंगणात पळाली. भावजींनी चहाचा घोट घेऊन मूळ मुद्दा काढला. "म्हणजे बघा, हवा नसेल, पण रेती तर कोकणाचीच. शेवटी दोष कोकणाचाच निघाला."

मला राहवलं नाही. ही रेती मुळात कोकणाची नव्हेच, मी म्हटलं. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचा काळा कातळ झाला, सह्याद्री त्याचाच. त्या कातळात हे लोहखनिज असतं. पावसाने कातळ झिजवला, नद्यांनी ते समुद्राला आणून दिलं, लाटांनी हलकी रेती नेली आणि जड काळी किनाऱ्यावर ठेवली.

आईचा अडकित्ता थांबला. तिने जावयाकडे बघितलं, पदर सावरला, आणि कितीतरी वर्षं वाट बघितल्यासारखी म्हणाली,

"म्हणजे घाटावरूनच आलं होय हे सगळं!"

खटला संपला. सगळे समाधानाने जेवायला बसले. विहिरीचा पंप राहूनच गेला.