पक्ष्यांची हजेरी

वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिन ५ नोव्हेंबर आणि पक्षितज्ज्ञ सालिम अलींचा १२ नोव्हेंबर. ही दोन टोके सांधून महाराष्ट्र शासनाने २०२० साली पक्षी सप्ताह मुक्रर केला, आणि तेव्हापासून, एरवी फुटलेल्या कापसावर अवकाळी कोसळेल काय एवढ्याच विवंचनेने आकाशाकडे पाहणारे आमचे दिग्रस, वर्षातून एकदा पक्ष्यांसाठीही मान वर करू लागले आहे.

बगीच्यातील या सामुदायिक निरीक्षणाचा शिरस्ता असा, की वेळ सूर्योदयाची ठरवावी, प्रमुख पाहुण्यांनी साडेआठला यावे, आणि प्रास्ताविक, सत्कार व छायाचित्र उरकून दुर्बिणी सरसावेपर्यंत पक्ष्यांनी आपली सकाळची कामे आटोपून घ्यावीत. मग शांतता राखण्याचा हुकूम ध्वनिक्षेपकावरून सुटतो. सारी मंडळी एखाद्या दुर्मीळ गरुडाच्या आशेने निंबाच्या शेंड्याकडे टक लावून उभी असता, उत्तरेच्या थंड मुलखातून हिवाळा काढावयास आलेला पांढरा धोबी, शेपटी खालीवर हलवीत, त्यांच्याच जोड्यांजवळून किडे टिपत निघून जातो. त्याची नोंद कोणाच्या दप्तरी होत नाही (शाल-श्रीफळाचा मान त्याचा नसावा). कोतवाल मात्र तारेवर बसून एकंदर बंदोबस्त पाहत असतो.

अहवालात पक्ष्यांच्या जाती थोड्या आणि मान्यवरांची नावे फार, हे ओघानेच आले.

पक्षी खरोखरच पाहावयाचे असतील, तर अरुणावतीच्या जलाशयाकाठी, फटफटण्यापूर्वी, दोघाचौघांनी जावे, आणि हारतुरे घरी ठेवावेत.