आजीसाठी कोणी काय सोडलं

करोनाच्या काळात पोरांनी शाळेत जाऊ नये, कारण घरी आजी आहे, हे आम्हाला मनापासून पटलं होतं. आजी मोलाचीच. फक्त तिच्यासाठी घरातल्या कोणी काय सोडायचं, याची वाटणी जरा गमतीची झाली.

दारूची दुकानं 4 मे 2020 ला उघडली. रांगा अशा लागल्या, की मुंबईत दोन-तीन दिवसांतच ती पुन्हा बंद करावी लागली. पण गिऱ्हाइकाची आबाळ नको, म्हणून त्याच महिन्यात सरकारने दारू घरपोच द्यायला परवानगी दिली.

शिक्षणही घरपोचच होतं म्हणा. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ अशी अभ्यासमालाच निघाली होती. फोन मात्र घरात एकच, आणि तो दिवसभर बापाच्या खिशात, रानात. संध्याकाळी बाप परतला की आधी दहावीतली ताई, मग आठवीतला दादा. पहिलीतल्या धाकट्याचा नंबर लागेपर्यंत चार्जिंग संपलेलं.

ऑक्टोबरात हॉटेलं-बार उघडले, नोव्हेंबरात थिएटरं, पाडव्याला देवळं. त्यानंतर 23 नोव्हेंबरला नववी ते बारावीचे वर्ग, तेही जिथल्या प्रशासनाला धीर झाला तिथेच. मास्तरांची चाचणी, एका बाकावर एकच मूल, शिवाय पालकांचं लेखी संमतीपत्र. बारमध्ये शिरणाऱ्याकडे बायकोचं संमतीपत्र कोणी मागितल्याचं आमच्या ऐकिवात नाही. आजी तर त्याच्याही घरी होती.

2020 च्या जूनमध्ये पहिलीत गेलेली बहुतेक पोरं रीतसर वर्गात बसली ती डिसेंबर 2021 मध्ये. तोवर त्यांची दुसरीची दिवाळीसुद्धा होऊन गेली होती. शेजारी बसणाऱ्याचं नाव पाठ होतंय न होतंय, तोच ओमायक्रॉन आला आणि जानेवारीत शाळेला पुन्हा कुलूप. हॉटेलं मात्र निम्म्या गिऱ्हाइकांनिशी रात्री दहापर्यंत चालू.

यात सरकारला तरी किती बोल लावायचा? जो दार ठोठावेल त्याला उघडायचं, एवढंच ते करत होतं. हॉटेलवाल्यांची संघटना आहे. देवांसाठी घंटानाद झाला. पहिलीतली पोरं आंदोलन करतात, नाही असं नाही. गळा काढून रडतात, हातपाय आपटतात, फाटकाला धरून बसतात. पण तेही शाळा उघडते त्या दिवशी.