रिकाम्या गोदामाची स्तुती

वेडेपणाची स्तुती करावी असे मला फार दिवसांपासून वाटते आहे. सगळ्याच वेडेपणाची नव्हे. भूकंप झालेला नसताना भूकंपाची तयारी करत बसणाऱ्यांची, आणि तो झाल्यावर सह्याशिक्के पुरे होण्याआधीच नाका उघडणाऱ्यांची.

काठमांडूच्या त्रिभुवन विमानतळावरचे एक गोदाम घ्या. ब्रिटिश सरकारच्या मदतीने जागतिक अन्न कार्यक्रमाने ते उभारले. त्यात उतरवायचा माल अजून यायचा होता, कारण ज्या संकटासाठी ते बांधले ते संकटच अजून यायचे होते. ज्या देशात डोंगरातल्या कित्येक गावांना दवाखाना पायी दिवसभराच्या वाटेवर आहे, तिथे विमानतळावरची मोक्याची जागा घ्यायची, ती सपाट करायची, छप्पर घालायचे, माल चढवण्या-उतरवण्याची सोय करायची आणि मग वाट पाहायची. खर्चाचा हिशेब पाहणाऱ्या कोणत्याही हुशार माणसाने यावर लाल शेरा मारला असता, आणि त्या वर्षाच्या वहीपुरते त्याचे बरोबरही ठरले असते.

मार्च २०१५ मध्ये गोदाम तयार झाले. २५ एप्रिलला, शनिवारी, बाराला चार मिनिटे कमी असताना गोरखा जिल्ह्यातल्या बारपाकजवळ ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे नऊ हजार माणसे गेली, पाच लाखांच्या घरात घरे कोसळली. शनिवार हा नेपाळातला सुट्टीचा वार. शाळा बंद होत्या म्हणून हजारो मुले वाचली.

त्या दिवसापासून साऱ्या जगाला काठमांडूत उतरायचे होते. तिथे धावपट्टी एकच, साधारण तीन किलोमीटरची, चहूबाजूंनी डोंगर. मोठी विमाने उभी करायला जागा मोजक्या. कितीतरी विमाने खोऱ्यावर घिरट्या घालून माघारी गेली. आठवड्याभरात धावपट्टी खराब होऊ लागली आणि सर्वांत जड विमानांना बंदी करावी लागली. अशा ठिकाणी मदतीचा वेग पाठवणाऱ्याच्या औदार्यावर ठरत नाही. उतरलेले विमान किती लवकर रिकामे होऊन पुन्हा उडते, त्यावर तो ठरतो. माल ठेवायला छप्पर नसले तर तो उघड्यावर पडून राहतो आणि मागचे विमान आकाशात अडकते. गोदाम होते म्हणून आलेला माल मोजता आला, निवडता आला, ट्रकांत आणि हेलिकॉप्टरांत भरता आला. निवडणे हे काम फार मोठे असते, कारण घाईत जग हाताला लागेल ते पाठवते. ट्यूना मासे आणि मेयोनीज येत असल्याची तक्रार नेपाळचे तेव्हाचे अर्थमंत्री रामशरण महत यांनी जाहीरपणे केली होती. लोकांना धान्य, मीठ, साखर हवी होती. भूकंपानंतर असे गोदाम बांधायला घेतले असते, तर त्यातच काही आठवडे गेले असते, आणि पावसाळा तोंडावर होता.

ज्यांनी एप्रिलच्या आधी या रिकाम्या छपराखाली पैसा घातला, त्यांची नावे कुणाला ठाऊक नाहीत. भूकंप दहा वर्षे लांबला असता तर त्यांना उधळे म्हटले गेले असते. मी त्यांच्या बाजूने आहे, भूकंप लांबला असता तरीही असतो.

दुसरा वेडेपणा घाईचा. पहिल्या तासात कुणालाच काही कळलेले नसते: किती माणसे गाडली गेली, कोणता रस्ता शिल्लक आहे, कुठे उतरता येईल. नियम सांगतो की आधी पाहणी करा, यादी करा, मग निघा. भारताच्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पहिली माणसे वायुदलाच्या विमानाने त्याच दिवशी काठमांडूत उतरली होती. ‘ऑपरेशन मैत्री’ हे भारताच्या मदतमोहिमेचे नाव सर्वतोमुखी होण्याआधीच ती निघाली होती. ढिगाऱ्याखालचा माणूस जिवंत निघण्याची शक्यता पहिल्या एक-दोन दिवसांत सर्वाधिक असते. नंतर ती झपाट्याने घटते. जगभरातून सत्तरहून अधिक शोधपथके नेपाळात पोहोचली, आणि त्या सर्वांनी मिळून जिवंत काढलेली माणसे वीसच्याही आत होती. त्यांतली बहुतेक आपल्या दलाने काढली. यात आपल्या दलाचे कौशल्य आहे, पण त्याहून अधिक वाटा जवळ असण्याचा आणि न थांबण्याचा आहे. चौथ्या दिवशी सर्व सामग्रीनिशी पोहोचलेल्या पथकाच्या वाट्याला बहुधा प्रेतेच येतात. बाकी जे हजारो जीव वाचले त्यांतले कितीतरी शेजाऱ्यापाजाऱ्यांनी हातांनी विटा उपसून वाचवले. किल्लारीचा भूकंप ज्यांना आठवतो त्यांना हे नव्याने सांगायला नको.

सीमेवरची गोष्ट मला सर्वांत जवळची वाटते. भारत आणि नेपाळ यांच्या नागरिकांना एकमेकांकडे जायला व्हिसा लागत नाही, त्यामुळे आपली माणसे बसने रक्सौल आणि सोनौलीच्या नाक्यांवरून परत येऊ शकली. पण नेपाळात त्या मोसमात जगभरचे पर्यटक आणि गिर्यारोहक होते. हॉटेल कोसळले, पासपोर्ट ढिगाऱ्यात गेला, विमान मिळत नाही. अशा माणसाने भारताच्या नाक्यावर येऊन काय दाखवायचे? नियमाप्रमाणे त्याला काठमांडूला परत पाठवायला हवे होते. भारत सरकारने दुसऱ्याच दिवशी अडकलेल्या परदेशी नागरिकांना निःशुल्क व्हिसा देण्याचे ठरवले. बिहारमध्ये स्वतःचीच पन्नासहून अधिक माणसे भूकंपात गेली होती, तरी त्या राज्याने लोकांना आणायला बसगाड्या पाठवल्या. घरात दुखवटा असताना दुसऱ्याच्या दारी धावणे व्यवहारात बसत नाही, म्हणून मला ते इतके मोलाचे वाटते.

उलट दिशेला काही दिवस मदतीचा माल भन्सारात, म्हणजे नेपाळच्या सीमाशुल्काच्या तपासणीत, अडकून पडला. संयुक्त राष्ट्रांच्या अधिकाऱ्यांना जाहीर विनंती करावी लागली. तंबू आणि ताडपत्र्यांवरचा कर सरकारने माफ केला. तिथल्या कारकुनाला मी दोष देणार नाही. प्रत्येक गठ्ठ्यात तस्करी पाहायला त्याला आयुष्यभर शिकवले गेले होते, आणि तो कर्तव्य करत होता. ‘आज सोडून दे’ असे त्याला लेखी सांगणारा वरचा माणूस पहिल्या दिवशीच हवा होता.

६ फेब्रुवारी २०२३ च्या पहाटे तुर्की आणि सीरिया हादरले तेव्हा हाच फरक दोन सीमांवर दिसला. तुर्की आणि आर्मेनिया यांच्यात राजनैतिक संबंध नाहीत. सरहद्द १९९३ पासून बंद आहे, आणि दोघांमधल्या जखमा त्याहून फार जुन्या आहेत. आर्मेनियाने शोधपथक पाठवले, आणि ११ फेब्रुवारीला मदतीचे ट्रक मार्गारा पुलावरून तुर्कीत गेले. तीस वर्षांत हे घडले नव्हते. कोणत्याही मुत्सद्द्याने सांगितले असते की आधी चर्चा, मग करार, मग पूल.

वायव्य सीरियात मात्र शहाणपण जिंकले. तिथे संयुक्त राष्ट्रांना जाण्यासाठी सुरक्षा परिषदेने बाब अल-हवा हा एकच नाका मान्य केला होता. पहिले सहा ट्रक ९ तारखेला पोहोचले. आणखी दोन नाके उघडायचे ठरायलाच १३ तारीख उजाडली, म्हणजे भूकंपानंतर आठवडा गेला. तुर्कीत मेलेल्या सीरियन निर्वासितांची प्रेते त्याच बाब अल-हवातून मायदेशी येत होती. प्रेताला वाट होती आणि उत्खनन यंत्राला नव्हती. संयुक्त राष्ट्रांच्या मदतकार्याचे तेव्हाचे प्रमुख मार्टिन ग्रिफिथ्स यांनी आपण तिथल्या लोकांसाठी कमी पडलो असे उघडपणे कबूल केले. इतक्या वरच्या माणसाची अशी कबुली क्वचित ऐकू येते, आणि तिचा मला आदर आहे. पण तोवर ढिगाऱ्याखालचे आवाज थांबले होते.

आता पुन्हा नेपाळकडे वळतो. त्या देशाने सोनौलीपासून जवळच भैरहवा इथे आंतरराष्ट्रीय विमानतळ बांधला. तो २०२२ मध्ये सुरू झाला. तिथे परदेशी विमाने फारशी येत नाहीत, म्हणून त्याला पांढरा हत्ती म्हणतात, आणि नफ्यातोट्याच्या हिशेबात ती टीका चुकीची नाही. तरीही ती धावपट्टी दुरुस्त आणि जागती ठेवण्याचा खर्च नेपाळने दर वर्षी करावा, आणि आपण शेजाऱ्यांनी त्यात वाटा उचलावा. काठमांडूची धावपट्टी आजही एकच आहे, आणि हिमालयाखालची जमीन सरकायची थांबलेली नाही.