दीड तिकिटाचा समुद्र

आमच्या गल्लीतून सहलीला जाणारे पुष्कळ आहेत. सहल ‘काढणारे’ मात्र एकटे अप्पा. जाणारा बॅग भरतो, काढणारा वही घालतो. अप्पांच्या अशा सात वह्या आहेत, दोनशे पानी, पहिल्या पानावर हळदीकुंकवाचं बोट. पाचव्या वहीत अक्कलकोट आणि गाणगापूर एका दिवसात करताना जेवणाची वेळ बरोबर अन्नछत्रावर कशी पडते, याचा नकाशा आहे. अप्पांना फिरायची हौस आहे असं समजू नका. त्यांची हौस फिरणं परवडवण्याची. एखादं ठिकाण परवडत नाही असं कुणी म्हटलं, की हा माणूस पेटतो.

गेल्या गड्ड्याच्या जत्रेला पुण्याचा पुतण्या आला आणि त्यानं मोबाइलवर अंदमानचा व्हिडिओ दाखवला. समुद्राच्या तळाशी तो स्वतः, पाठीवर नळकांडं, भोवती मासे. सगळे ‘अय्यो’ म्हणाले. अप्पांनी एकच विचारलं, “किती पडले?” पुतण्यानं आकडा सांगितला. अप्पा दोन दिवस गप्प. तिसऱ्या दिवशी आठवी वही निघाली.

इथं थोडं सोलापूरबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे पाऊस वर्षाकाठी साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर, आणि नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. तेही रात्री किती वाजता येईल ते पाण्यालाच ठाऊक. गावाची शान काय, तर सिद्धेश्वराचं तळं. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या हातून खोदून घेतलेलं. अशा गावच्या माणसानं पैसे मोजून पाण्याखाली जायचं, हाच मुळात बेहिशेबीपणा. त्यातून अप्पांच्या घरात अंडंसुद्धा शिरलेलं नाही. आम्लेटचा वास आला तर अव्वा, म्हणजे त्यांच्या मातोश्री, शेजाऱ्याची खिडकी लावायला सांगतात.

“अप्पा, तिकडं खाणार काय?”

“मास्तर, मासे बघायला चाललोय, खायला नाही. बघण्याला कुठं शास्त्रात बंदी आहे?”

पर्याय तपासले गेले. अंदमानला विमान, म्हणून काट. लक्षद्वीपला परवाना काढावा लागतो. परवान्याला खर्च किती हे कळेपर्यंत काट. मुरुडेश्वराजवळचं नेत्राणी बेट बराच काळ आघाडीवर होतं, कारण तिथं शंकराचं दर्शन आणि उडुपी पद्धतीचं जेवण, दोन्ही हक्काचं. पण बेटापर्यंत बोटीत बरंच बसावं लागतं, आणि अप्पांना सात रस्ता ते विजापूर वेस एवढ्या रिक्षातही मळमळतं. राहिलं मालवण. तिथं एसटी जाते. एसटी म्हटल्यावर अप्पांचे डोळे लकाकले. 75 वर्षांवरच्या ज्येष्ठांना एसटी फुकट, बायकांना अर्धं तिकीट. अव्वा 78 वर्षांच्या, म्हणजे शून्य, वैनी अर्ध्या, अप्पा एक. तीन माणसांत दीड तिकीट! मी बरोबर येतो म्हणालो तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. सरासरी बिघडली होती.

मग मुहूर्त. इथं अप्पांची खरी बुद्धी दिसली. कोकणातला माणूस मासे सोडतो कधी, याचा त्यांनी कालनिर्णय समोर ठेवून अभ्यास केला. श्रावण! श्रावणात निम्मं मालवण शाकाहारी. भांडी घासलेली, तवे निर्मळ. पण श्रावण पावसाळ्यात. त्या दिवसांत समुद्र खवळलेला, पाणी गढूळ, बुड्या मारण्याचा धंदा बंद. म्हणजे मासे दिसतात तेव्हा लोक ते खातात, आणि लोक खात नाहीत तेव्हा ते दिसत नाहीत. या गाठीपाशी अप्पा आठवडाभर अडले. एका पहाटे त्यांनी माझं दार वाजवलं. “मार्गशीर्ष, मास्तर! डिसेंबर, पाणी नितळ. गुरुवारी लक्ष्मीचं व्रत, सोमवार शंकराचा. रविवारी रात्री पोचायचं, सोमवारी बुडी. कोकणात सोमवारी कोण मासे खातंय?”

बरोबर घ्यायच्या सामानाची यादी साडेतीन पानं. कडक भाकरी 40, शेंगाचटणी दीड किलो, शेंगापोळ्या, धपाटे, आणि सोलापुरी चादर, कारण ‘तिथली गादी कुणी वापरलेली असंल’.

कोल्हापूर गाठून पुढं गगनबावड्याचा घाट उतरलो. ज्या घरी उतरलो ते न्याहारीसकट राहण्याचं. अप्पांनी उंबऱ्यातच विचारलं, “न्याहारी म्हणजे आंबोळ्या किती?” घरच्या काकू चकित. “पोट भरासर,” त्या म्हणाल्या. अप्पांनी वहीत ‘अमर्याद’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. आपण मासे खात नाही हेही सांगून टाकलं. काकूंना खरंच वाईट वाटलं. “तुमी मासे खाणास नाय? मगे खातास तरी काय?” आजारी माणसाला विचारावं तसं विचारलं त्यांनी. मग म्हणाल्या, “उद्या सोमवार. आमी पण खाणव नाय.” अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं ग्रहण ठरल्या मिनिटाला लागल्यावर पंचांगकर्ता पाहत असेल.

नियोजनाला पहिला तडा समुद्रानं दिला, तोही न बुडता. सकाळी डबा उघडला तर कडक भाकरी मऊ! खारी दमट हवा रात्रभर डब्यात शिरली होती. सोलापुरात महिनाभर कुरकुरीत राहणारी भाकरी इथं एका रात्रीत चामड्यासारखी झाली. वैनींच्या डोळ्यांत पाणी आलं; चाळीस भाकऱ्या थापून, वाळवून त्यांचे खांदे भरून आले होते. अप्पा जेवणघरात गेले आणि कोंबडीवडे मागवले, कोंबडी वगळून. “वड्यात कोंबडी नसते ना? मग दर वड्यांचाच लावा.” हा वाद अर्धा तास चालला. शेवटी मालकानं कंटाळून वड्यांबरोबर काळ्या वाटाण्याची उसळ आणि सोलकढी दिली. सोलकढीचा रंग बघून अव्वांनी आधी शंका घेतली. कोकम आणि नारळाचं दूध असं कळल्यावर तीन वाट्या प्याल्या. मालवणात शाकाहारी माणूस उपाशी मरतो, ही अफवा कुणीतरी सुरमई महाग करण्यासाठी पसरवलेली असावी.

बुडीआधी फॉर्म भरून घेतला: दमा आहे का, कान फुटलाय का, रक्तदाब किती. मग एका तरुण पोरानं धडा दिला. नळकांड्यात ऑक्सिजन नसतो, साधी हवाच दाबून भरलेली असते. (“साधी हवा? मग एवढे पैसे कशाचे?”) कान दडले की नाक चिमटीत धरून हळूच हवा फुंकायची. श्वास रोखायचा नाही. 10 मीटर खाली दाब दुप्पट, म्हणून हवाही दुप्पट खर्च होते. अप्पा इथं थबकले. पैसे तेवढेच, तर खोल जाणं फायद्याचं. पण खोल गेलं की हवा लवकर संपणार, म्हणजे तोटा. ते बोटांवर काहीतरी मोजू लागले. पोरगा म्हणाला, “काका, तुम्ही श्वास घ्या, बाकी मी बघतो.” शेवटी खुणा. अंगठा वर म्हणजे ‘मला वर न्या’. सगळं ठीक असेल तर अंगठा-तर्जनीचा गोल. आमच्याकडे चटणी जमली की करतात तोच.

तोंडात धरायची नळी बघून अप्पांना खरी धास्ती पडली. “ही आधी कुणाच्या तोंडात होती? त्यानं सकाळी काय खाल्लं होतं?” पोरानं नळी धुऊन दाखवली. अप्पांनी ती बिसलरीच्या पाण्यानं पुन्हा धुतली. बाटली माझी होती.

त्यांच्या पाठीवर नळकांडं चढवताना मी बघत होतो. लहानपणी गावच्या विहिरीत पोहायला शिकताना पाठीला पत्र्याचा डबा बांधतात, तो बुडू नये म्हणून. अप्पांच्या पाठीवर पंचावन्नाव्या वर्षी पुन्हा डबा आला, बुडावं म्हणून. मी नावेतच बसलो. काही झालंच तर अव्वांना सांगायला कुणीतरी कोरडं हवं.

खाली काय झालं ते व्हिडिओत आहे. व्हिडिओ दरात धरलेला होता, हे अप्पांनी आदल्या रात्रीच तीनदा विचारून घेतलं होतं. पाणी हिरवट, खडक, पोरानं धरलेले अप्पा. पोरानं पावाचा चुरा सोडला आणि काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या माशांचा थवा आला. (हा चुरा टाकणं मला पटलं नाही. माशांना भीक मागायची सवय लागते. पण व्हिडिओत थवा हवा असतो.) अप्पा आधी दचकले, मग हात जोडले. मग आनंदाच्या भरात त्यांनी दोन्ही अंगठे वर केले. पोरगा शहाणा, नियमाचा पक्का. त्यानं त्यांना लगोलग वर आणलं. ठरलेल्या वेळातली सहा मिनिटं त्यात गेली. दुसऱ्यांदा खाली गेल्यावर अप्पांनी दोन्ही हातांनी गोल धरून ठेवले ते शेवटपर्यंत सोडलेच नाहीत.

वर आल्यावर पोरगा कौतुकानं सांगू लागला, “पट्ट्यांचे होते ते खायला उपयोगाचे नाहीत, काका. दगडाखाली बसला होता ना, तो गोबरा. त्याचं तिखलं काय लागतं! आणि लाल दिसला ती तांबोशी, ती तळायची.” अप्पांनी हात वर करून त्याला थांबवलं. “नुकतीच ओळख झालीय रे,” ते म्हणाले.

किनाऱ्यावर अव्वा माळ ओढत बसल्या होत्या.

“काय आणलास खालून?”

“काही नाही, अव्वा.”

“मग गेलतास कशाला?”

त्या प्रश्नाला वहीत रकाना नव्हता.

संध्याकाळचीच गाडी धरायची होती, पण पोरानं आडकाठी घातली. बुडीनंतर निदान 12 तास विमानात बसत नाहीत. घाट चढणं म्हणजेही उंचीच, आज झोपा, उद्या जा. एका रात्रीचं भाडं वाढलं. मग उरलेल्या वेळात सिंधुदुर्ग. शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये या किल्ल्याचं काम सुरू केलं, वगैरे वाटाड्या सांगत होता. अप्पांचं लक्ष फक्त विहिरींकडे. दूधबाव, साखरबाव, दहीबाव. चारी बाजूंनी खारा समुद्र आणि आत तीन विहिरी गोड्या. समुद्राखाली ते जितका वेळ राहिले त्याच्या दुप्पट एकेका विहिरीपाशी उभे राहिले. “मास्तर, याला म्हणतात नियोजन,” ते कितीतरी वेळानं म्हणाले.

परतल्यावर मला वाटलं होतं आठवी वही गल्लीत वाचली जाईल, दर मिनिटाला किती पडले ते जाहीर होईल. तसं काही झालं नाही. वही कपाटावर गेली.

चौथ्या रात्री अडीचला नळ आला. गल्लीत नेहमीची धावपळ, मोटारी, घागरी, “माझं आधी” वगैरे. अप्पांच्या दारात पिंप भरत होतं आणि ते पिंपावर ओणवे होऊन आत बघत उभे होते. पाणी काठापर्यंत आलं. काठावरून पायावर आलं. पायावरून रस्त्यावर वाहायला लागलं. तीस वर्षांत या माणसाच्या दारात थेंब सांडलेला मी पाहिला नव्हता.

“अप्पा! काय बघलालाव? सांडलालाय की ओ!”

त्यांनी मान वर केली नाही. नुसता हात उचलून अंगठा आणि तर्जनीचा गोल करून दाखवला.