आपल्याच मालाचे गिऱ्हाईक

ॲमेझॉनवर एका वस्तूचे सहसा एकच पान असते आणि अनेक विक्रेते त्यालाच जोडले जातात. त्यामुळे मूळ उत्पादकाने पदरमोड करून काढलेली छायाचित्रे आणि कष्टाने मिळवलेले अभिप्राय, किंमत दहा रुपयांनी उतरवणाऱ्या भामट्यालाही आयतेच लाभतात. मग उत्पादकाने आपल्याच नावाचा बनावट माल पैसे मोजून मागवावा, ज्याला चाचणी-खरेदी म्हणतात, आणि व्यापारचिन्हाच्या नोंदणीसह तक्रार गुदरावी, अशी रीत आहे. बाजारपेठ मात्र माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ७९ चा आधार घेत स्वतःला ‘मध्यस्थ’, म्हणजे इतरांच्या मजकुराच्या दायित्वातून सशर्त सुटलेली संस्था, म्हणवते आणि दलाली (अर्थातच निःपक्षपातीपणे) दोघांकडूनही घेते. तक्रार मान्य झालीच, तर भामटा हटतो आणि नव्या नावाने परततो. कल्पकतेची त्याला वाण नसते, ती फक्त मालात उतरत नाही.