चौथ्या स्लाइडवर अकरा मिनिटं

हल्ली सादरीकरणाची लिंक पाठवली की पाठवणाऱ्याला घरबसल्या कळतं: कोणी उघडली, कितव्या स्लाइडवर किती सेकंद रेंगाळला, कुठून पळाला. परवा मित्राचा हर्षभरित फोन आला. "चौथी स्लाइड फारच भिडली बघ तुला. अकरा मिनिटं!" मी तेव्हा नरसी नामदेवला टपरीवर होतो. मोबाइल बाकावर उघडा, चहा अजून उकळायचा होता.

याच कयाधूकाठच्या गावात १२७० साली जन्मलेल्या नामदेवांकडे असली सोय नव्हती. नैवेद्य देवाने नुसता 'पाहिला' एवढ्यावर पोराचं समाधान होईना. खाल्लाच पाहिजे, हा हट्ट. पुढे औंढा नागनाथला कीर्तनाला देवळामागे पिटाळलं, तर म्हणे देऊळच फिरलं. श्रोत्याने तोंड वळवल्याची याहून ठसठशीत नोंद कुठलं सॉफ्टवेअर देणार? आणि गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदं आहेत, तीही कोणी कुणाला लिंक न पाठवता.

मित्राने मात्र चौथी स्लाइड आता पहिली केली आहे. नवी लिंक आली. उघडली. भजी सांगितली.